मेणवलीची घंटा

वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली हे गाव आहे. तेथे कृष्णा नदीच्या काठी नाना फडणीसांचा वाडा आहे. वाड्यामागे दगडी घाट आहे. घाटावर दोन देवळे आहेत. एक विष्णूचे व एक मेणेश्वराचे, म्हणजे शंकराचे. जवळच घुमट असलेले एक छोटे देऊळ आहे. त्यात एक भलीमोठी घंटा टांगली आहे.

आमची चौथीची सहल तेथे गेली होती. घंटा पंचधातूची आहे. तिचे वजन साडेसहाशे किलो आहे. गुरुजी म्हणाले, म्हणजे सिमेंटची तेरा पोती. घंटेवर एका बाईचे उठावाचे चित्र आहे. बाईजवळ तान्हे बाळ आहे. एक जण म्हणाला, "ही यशोदा आन् किस्न." तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी पुढे झाली. ती वर्गात फार बोलत नाही. तिची आई दवाखान्यात नर्स आहे. ते मिरजेकडचे ख्रिश्चन आहेत. ती म्हणाली, "न्हाई, ही मरिया आन् येशूबाळ. आमच्या घरी कॅलेंडरवर असंच हाय."

गुरुजी म्हणाले, "बरोबर." मग त्यांनी माहिती सांगितली. ही घंटा पोर्तुगीजांच्या चर्चची. ती १७०७ साली ओतली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांनी तिकडच्या घंटा आणल्या. भीमाशंकरलाही अशी एक आहे. तेव्हा नाना फडणीस जन्मलेसुद्धा नव्हते. त्यांचा जन्म १७४२ चा.

आपण देवळात गेलो की ज्याची त्याने घंटा वाजवतो. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते. दोरी ओढून ती सगळ्या गावासाठी वाजवतात. मग लोक प्रार्थनेला येतात.

हे ऐकून ती मुलगी म्हणाली, "मग घंटा नेल्यावर तिथल्या लोकांना येळ कशी कळली आसंल?" कोणी हसले नाही. गुरुजी थोडे थांबले. म्हणाले, "हा प्रश्न पुस्तकात नाही, पण विचारायला पाहिजे."

मला वसई जिंकल्याचा अभिमान वाटतो. आणि तो प्रश्नही खरा वाटतो. आणखी एक गोष्ट मला आवडली. घंटा आपल्या देवळात आली, पण ते चित्र कोणी घासून टाकले नाही. इतक्या वर्षांनी आमच्या वर्गातल्या मुलीने ते लगेच ओळखले. वाईला गेलात तर मेणवलीला जा आणि घंटेवरचे चित्र नीट बघा.