वॅटांचा हिशेब

मोठा आकडा पाहिला की माणसाला आधार वाटतो. लग्नाला तीनशे पाने उठणार असली तरी आचारी पाचशेंचा शिधा मागतो आणि आपणही फारशी कुरकुर करीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र ही वृत्ती खिशाला जड जाते, असे आमचे मत झाले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांनी खेळांसाठी संगणक जुळवण्याचा घाट घातला. सुटे भाग अर्थातच नागपूरहून आणावयाचे. (१९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, बालाघाटकरांची खरेदी मात्र सीताबर्डीवरच राहिली.) यादीत रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर होता, आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड होते, आणि शेवटी लिहिले होते : 'एसएमपीएस, १००० वॅट'. ते वाचून सौभाग्यवतींनी विचारले, "म्हणजे हा डबा हीटरएवढी वीज खाणार?"

ही शंका पुष्कळ घरांत निघत असेल. डब्यावरचा आकडा देण्याच्या ताकदीचा असतो, खाण्याचा नव्हे. आतले भाग मागतील तेवढीच वीज तो पुरवतो. भिंतीतून घेताना त्याहून थोडी अधिक घेतो, कारण रूपांतरात काही भाग उष्णता होऊन जातो. तेव्हा हजार वॅटांचा डबा आणल्याने बिल हजार वॅटांचे येत नाही. वाया जाते ती डब्याची जादा किंमत.

मग लागतात किती? आम्ही कागद घेऊन बसलो. प्रोसेसर भर जोरात चालला तरी ८८ वॅट, ग्राफिक्स कार्ड ११५, मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे मिळून साठेक. बेरीज पावणेतीनशेच्या आत! भिंतीतून सव्वातीनशेच्या आसपास धरा. तीन तास खेळले तर एक युनिट. कार्ड बनवणारी कंपनी ५५० वॅटांचा पुरवठा सुचवते, त्यात क्षणिक उसळ्यांची सोय आणि हलक्या मालाची धास्ती दोन्ही आली.

हलक्या मालाचे दर्शन दुकानातच घडले. "साहब, ये कॅबिनेट के साथ फ्री है, साढे चार सौ वॅट," असे म्हणून दुकानदाराने एक डबा पुढे केला. हातात घेताच रिकामा वाटावा इतका हलका. प्रोसेसर आणि कार्ड यांचा जवळजवळ सारा भार १२ व्होल्टच्या ओळीवर असतो, म्हणून आम्ही चष्मा लावून ती ओळ वाचली : १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. साडेचारशे कुठल्या कुठे! शिवाय काही डब्यांची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते, चांगल्यांची ४० किंवा ५० अंशांना. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, मग बंद कॅबिनेटच्या पोटात काय होत असेल?

चिरंजीव एवढ्यावर गप्प बसणारे नव्हेत. "बाबा, उद्या मोठं कार्ड घेतलं तर?" प्रश्नात तथ्य होते. त्याच्या मनातले ४०७० हे कार्ड २०० वॅटांचे, आणि त्यासाठी सुचवणी ६५० वॅटांची. तेव्हा '८० प्लस गोल्ड' शिक्क्याचा ६५० वॅटांचा डबा ठरला. हजार वॅटांपासून खाली उतरताना वाचलेले पैसे कुठे घालावयाचे, हे आमच्या गावच्या विजेनेच ठरवून ठेवले होते. वळवाचा वारा सुटला की दिवे जातात. घरातला जुना यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे बहुधा ३६० वॅटांचाच. त्यावर हे यंत्र आणि पडदा मिळून काठावर येते, आणि मोठे कार्ड आले की काठाबाहेर. म्हणून एक केव्हीएचा नवा घेतला. ज्या खोलीत यंत्र बसावयाचे होते तिथल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नुसतेच तिसरे भोक, हेही मिस्त्रीकडून तपासून घेतले. नुसतेच भोक होते. तार जमिनीपर्यंत नेण्यात एक सबंध दुपार गेली, आणि तोवर यंत्र खोक्यातच ठेवण्याचा आमचा हुकूम चिरंजीवांनी कसाबसा पाळला.