सुटी कोणाची?

सुटीत कुठे जावे, हा प्रश्न आमच्या पिढीला पडलाच नाही. वार्षिक परीक्षा संपली की मामाचे गाव, आणि फार झाले तर एखादी जत्रा. आता काळ पालटला आहे. आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली नोकरीसाठी आखाती देशांत गेली, हाती चार पैसे आले आणि सुटीची निवड हा घराघरांतील मोठा विषय होऊन बसला. त्यात वावगे काही नाही. मात्र घरात तीन वर्षांचे लेकरू असेल, तर नकाशा उघडण्यापूर्वी आईबापांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही सुटी नेमकी कोणाची?

माझ्या मनात हा प्रश्न आला तो एका जोडप्यामुळे. दोघेही मस्कतला असतात. ती परिचारिका, तो एका कंपनीत हिशेबनीस. मुलगी दीड वर्षाची असल्यापासून इकडे धाराशिवला आजीजवळ वाढते आहे. गेल्या नाताळात दोघे रजेवर आली. आईने हात पुढे केले तेव्हा ती चिमुरडी आजीच्या पदराआड लपली आणि हळूच म्हणाली, “आजी, या मावशींना पाणी देऊ?” हे मला आजीनेच सांगितले, सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

त्याच आठवड्यात ती दोघे एक कागद घेऊन माझ्याकडे आली. जूनमधल्या बारा दिवसांच्या सहलीचा तो आराखडा होता. रोम, नेपल्स, सिसिली आणि शेवटी माल्टा, कारण तिथे तिची मावसबहीण नर्स आहे. बारा दिवसांत सहा मुक्काम! “फादर, वाटेत आणखी कोणती तीर्थस्थळे घ्यावीत तेवढे सांगा,” तो म्हणाला. मी म्हटले, “सांगतो. पण आधी आपण सगळे एक दिवस तेरला जाऊन येऊ.”

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई आणि तिथून पश्चिमेकडे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे, इसवी सन 79 मधील ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. भूमध्य समुद्राशी आपल्या या कोरड्या जिल्ह्याचे नाते असे जुने आहे. वडील एकेक पाटी वाचत होते, आई छायाचित्रे घेत होती. मुलगी मात्र पाचव्या मिनिटाला कंटाळली आणि आजीचे बोट ओढू लागली.

मग आम्ही तेरणेच्या काठी आलो. तिथे ओली माती दिसताच मुलगी फतकल मारून बसली आणि पाऊण तास जागची उठली नाही. गोरोबाकाकांचे गाव ते. मातीचा विषय निघाल्यावर आजींनी त्यांची कथा सांगितली. गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवीत होते. रांगत आलेले लेकरू पायाखाली आले, ते त्यांना कळले नाही. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळाले, असे परंपरा सांगते. वारकरी भाविक या कथेत भक्तीची पराकाष्ठा पाहतात, आणि त्याविषयी मला आदरच आहे. परंतु ज्याच्या घरी लेकरू आहे त्याचे लक्ष त्या रांगत येणाऱ्या जिवाकडेच जाते. मन दुसरीकडे गुंतलेले असले, मग ते कितीही चांगल्या गोष्टीत का असेना, की पायाजवळचे मूल दिसत नाही.

कथा संपली तेव्हा आई काही बोलली नाही. चपला काढून ती मुलीशेजारी मातीत जाऊन बसली. “काय करतेस गं?” “भाकरी.” “मला देशील?” मुलीने तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि चिखलाची एक भाकरी तिच्या तळहातावर ठेवली. परतीच्या वाटेवर रोमचा विषय कोणी काढला नाही.

आराखडा बदलला. माल्टा तेवढे राहिले, आणि त्यातही मुक्काम गोझो या लहान बेटावर, एकाच घरात. माल्टाचा सारा देश 316 चौरस किलोमीटरचा. आपल्या जिल्ह्यात तसे वीस देश सहज मावतील. मुख्य बेटावरून गोझोला फेरीबोटीने पंचवीस मिनिटे लागतात. भाषेची अडचण नाही, कारण इंग्रजी तिथली राजभाषा आहे. शेंगेन व्हिसासाठी सहा वर्षांखालील मुलाला शुल्क पडत नाही. पासपोर्ट मात्र त्याचा स्वतंत्र लागतो. जूनच्या दुपारी ऊन कडक असते, म्हणून सकाळी किनारा, दुपारी झोप, सायंकाळी गावच्या चौकात फेरफटका, एवढाच त्यांचा दिनक्रम. गोझोच्या तांबूस वाळूच्या किनाऱ्याचे नाव रामला. माल्टी भाषेत त्याचा अर्थ वाळू. आपल्या कानाला मात्र त्यात ‘रमला’ ऐकू येते. तिथे रोज भाकऱ्या थापल्या गेल्या, असे आईने मला फोनवर सांगितले.

माल्टा आपल्याला परके नाही. संत पौलाचे तारू याच बेटाजवळ फुटले आणि 276 जीव किनाऱ्याला लागले. पाऊस आणि थंडी होती म्हणून बेटवासीयांनी शेकोटी पेटवून सर्वांचे स्वागत केले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. रोमला निघालेल्या पौलाला तिथे तीन महिने थांबावे लागले. त्या सक्तीच्या मुक्कामात त्याने काय केले? पुब्ल्याच्या आजारी पित्याजवळ गेला, त्याच्यावर हात ठेवले, इतर रोग्यांना बरे केले. प्रवास थांबला, म्हणून माणसे भेटली.

माल्टा सर्वांना परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगाजवळचा ओढा आहे. नळदुर्गला बोरी नदीवरील पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे आहेत; लेकराचा हात मात्र घट्ट धरावा. एका दिवसात एकच ठिकाण, सोबत घरचा डबा, आणि मूल जिथे बसेल तिथे आपण बसायचे.

त्या मुलीचे आईबाप पुन्हा मस्कतला गेले आहेत. आजी सांगतात, या खेपेस निरोप फार जड गेला. मुलीने आईच्या गळ्यातली मिठी सोडली नाही, दोघींनी आकांत केला. ऐकून मला वाईट वाटले आणि समाधानही वाटले. मावशीसाठी कोणी इतके रडत नाही. मुलीला आपल्याकडे न्यावे की एकाने परत यावे, याचा विचार दोघांनी आता सुरू केला आहे.