दारांतला पाहुणा

वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत आमचा एक लहानसा कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांस लागणारे सुटे भाग तेथें तयार होतात. मार्च महिन्यांत जवळच्या एका शाळेस आम्हीं पाणी शुद्ध करण्याचें यंत्र दिलें. हारतुरे झाले, छायाचित्रें निघालीं. येतांना आईस कारखाना दाखविला आणि मोठ्या समाधानानें मी घरीं परतलों. रात्रीं मंडळी जेवावयास बसली असतां आई म्हणाली, "अरे, मुलांना पाणी दिलंस, चांगलं केलंस. पण तुझ्या फाटकाबाहेर तो ट्रकवाला उन्हात उभा होता, त्याला पाणी कोण देतं?"

"त्याचं तो बघतो," हें उत्तर ओठांवर आलें होतें; परंतु दारीं आलेल्यास विन्मुख पाठवूं नये, असें ज्या घरांत शिकलों तेथें तें उच्चारवेना.

दुसरे दिवशीं चौकशी केली. माल भरून निघेपर्यंत चालकांस सहा-सहा, सात-सात तास खोळंबावें लागे. सावली नाहीं, पाणी नाहीं, शौचकूप नाहीं. आमच्या वहींत "गाडी आली, गाडी गेली" एवढीच नोंद! एका चालकानें सांगितलें, "साहेब, मुंबईला माल टाकून बहुधा रिकामाच परततों." मीं हिशेब मांडला. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. परतीची वाट सुमारें ३५० किलोमीटर. रिकामी गाडी लिटरमागें पांच किलोमीटर जाते असें धरलें, तरी एका व्यर्थ खेपेचा धूर १९० किलोंच्या घरांत जातो. शाळेस दिलेल्या यंत्राची पाटी लागली. या धुराची पाटी कोठें लावावी?

२०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम समाजकार्यांत खर्चावयास लावतें. वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांवर गेला, तरी हें बंधन लागू होतें. आम्ही त्या मर्यादेंत येत नाहीं. नित्याच्या धंद्याचें काम या खर्चांत धरतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. नाहींतर जो तो आपल्या अंगणांतला सडाही दानधर्मांत लिहील! पण म्हणून अंगण झाडूंच नये कीं काय?

आमच्या शहरांतली पाणचक्की लहानपणापासून पाहत आलों आहें. डोंगराकडील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर तेथवर आणलें. त्यावर जातें फिरे, आणि त्या पिठावर दर्ग्यांतील फकीर व वाटसरू जेवत. वाहतूक, उद्योग आणि परोपकार यांचीं तेथें तीन निराळीं खातीं नव्हतीं.

धाकट्या भावास हें पटलें नाहीं. तो म्हणाला, "दादा, समृद्धी महामार्ग सबंध खुला झाला, सगळे घाई करताहेत, आणि आपण वेळापत्रकं आखायची? गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं म्हणजे?" त्याची भीति खोटी नव्हती, एक गिऱ्हाईक खरोखरच गेलें, आणि त्या महिन्यांत घरांत बोलणें कमी झालें. तरी प्रत्येक गाडीस भरण्याची वेळ ठरवून दिली, फाटकापाशीं पत्र्याची शेड व न्हाणीघर बांधलें, आणि ज्यांचा कच्चा माल मुंबईहून येतो अशा दोघां शेजाऱ्यांशीं बोलून परतीच्या गाड्या त्यांना दिल्या. सर्वच गाड्या भरून येतात असें नाहीं. परंतु भाड्यांत जें वांचलें त्यांतून शेडचा खर्च फिटत आला, तेव्हां भावाचा स्वर निवळला.

परवां आई पुन्हां कारखान्यांत आली. यंत्रें तिनें पाहिलीं नाहींत. शेडमध्यें जाऊन चालकांसाठीं ठेवलेल्या माठांतलें पाणी स्वतः पिऊन पाहिलें आणि म्हणाली, "गार आहे. रोज भरतात ना?"

रोज भरला जातो कीं नाहीं, हें आतां मी जातीनें पाहतों.