नायिकेच्या मैत्रिणीची बदली

भाट्ये, रत्नागिरी

प्रिय बाय,

तुझा परवाचा मेसेज वाचला. तू लिहितेस त्या मालिकेचा दुसरा सीझन मंजूर झाला, अभिनंदन. ताईने ही बातमी मला तुझ्याआधीच दिली होती आणि माझ्याआधी निम्म्या रत्नागिरीला. पण मेसेजच्या शेवटी तू जे लिहिलं आहेस ते काही मला पटलं नाही. नायक-नायिकेचं जमलं, आता सगळा भर त्या दोघांवर, म्हणून नायिकेच्या मैत्रिणीची बदली बेंगळुरूला आणि नायकाच्या भावाचं लग्न ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टशी. भावाच्या लग्नाला माझी हरकत नाही, मुलगा वयात आलाय. मैत्रिणीच्या बदलीला आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो.

प्रेमाच्या विनोदी गोष्टीचा दुसरा भाग ही मुळातच अडचणीची वस्तू. पहिल्या भागात प्रश्न एकच असतो, जमणार की नाही? त्याच्या जोरावर प्रेक्षक शेवटपर्यंत बसतो. जमलं की प्रश्न संपला. मग लेखक काय करतो, तर जमलेलं मोडतो आणि पुन्हा जमवतो. नायिकेला शंका येते, नायकाला परदेशी नोकरी लागते, जुनी ओळख कुठून तरी उगवते. त्या दोघांच्या शेजारी इतका वेळ उभी असलेली माणसं मात्र कोणाला दिसत नाहीत.

मे महिन्यात तू इथे होतीस तेव्हा बाहेर उकाडा आणि घरात ‘कागुया-सामा’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका असे दिवस गेले. मी पेपर आडवा धरून बघत होतो, हे तुला ठाऊक आहे. आका आकासाका यांची ती मांगा 2015 साली सुरू झाली. तिच्यावरचा पहिला सीझन 2019चा, दुसरा एप्रिल 2020चा. श्रीमंतांच्या शाळेतलं विद्यार्थी मंडळ, अध्यक्ष शिरोगाने गरिबाघरचा, उपाध्यक्ष कागुया बड्या घराण्यातली. दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण आधी कबूल करेल तो हरला अशी दोघांचीही समजूत. प्रत्येक डाव संपला की निवेदक कोण जिंकलं ते जाहीर करतो. पहिला सीझन या डावांवर झकास निघाला. तेच डाव दुसऱ्यात आणखी बारा भाग खेळले असते, तर तूही मध्येच मोबाईल काढून बसली असतीस.

त्यांनी काय केलं, तर शाळेचं कॅलेंडर पुढे सरकवलं. मंडळाची मुदत संपते, खोली रिकामी करावी लागते, नवी निवडणूक येते, मग क्रीडामहोत्सव. दिवस पुढे गेले की ते एकट्या नायक-नायिकेचे पुढे जात नाहीत, बाकीच्यांचेही जातात. निवडणुकीला इइनो मिको नावाची नवी मुलगी उभी राहते. अभ्यासू, नियमांची कडक, पण व्यासपीठावर तिची वाचाच बसते आणि समोरची पोरं हसतात. शिरोगानेला गप्प बसून जिंकता आलं असतं. तो उलट तिच्याशी वाद उकरून काढतो, असा की रागाच्या भरात ती समोरची गर्दी विसरते आणि घडाघडा बोलू लागते. निवडणूक तो जिंकतो, पण थोडक्यात. नायक मोठ्या मनाचा आहे हे सांगायला इथे एकही वाक्य लिहावं लागलं नाही. त्याने स्वतःची हक्काची मतं एका दुय्यम पात्रावर उधळली आणि तिचं पात्र उभं राहिलं.

आणि इशिगामी. पहिल्या सीझनमध्ये हा खजिनदार काय करतो? कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसतो, नको ते बोलतो, कागुयाला घाबरतो आणि ‘मी घरी जातो’ म्हणून उठतो. हसण्यापुरता ठेवलेला पोरगा. दुसऱ्या सीझनच्या अकराव्या भागात कळतं की तो सतत घरी का पळतो. शाळेच्या खालच्या विभागात असताना वर्गातल्या एका मुलीचा मित्र तिला फसवतोय हे त्याला समजलं, त्याने जाब विचारला, हात उगारला, आणि सगळ्या वर्गाने यालाच मुलीच्या मागे लागलेला माथेफिरू ठरवलं. खरं सांगितलं तर त्या मुलीचेच हाल होतील, म्हणून हा गप्प राहिला. माफीनामा लिहून दे म्हणाले, तो याच्याने लिहवेना. मंडळातल्या मंडळींनी खरं काय ते शोधून काढलं. मग शिरोगाने येतो आणि त्या कोऱ्या कागदावर मोठ्ठ्या अक्षरांत, शाळेत लिहू नये असं एक वाक्य लिहून जातो.

बाय, या भागात गंमत कुठे आहे सांगू? या भागापुरता शिरोगाने दुय्यम पात्र आहे. येतो, एक ओळ लिहितो, जातो. मालिकेचा नायक दुसऱ्याच्या गोष्टीत एका प्रवेशापुरता येतो, आणि तिथेच तो मला सगळ्यात जास्त आवडला. पुढे इशिगामी रिलेत शेवटचा टप्पा पळतो आणि आजवर ज्यांचे चेहरे त्याने नीट पाहिलेच नव्हते, ती सोबतची पोरं त्याला दिसतात. त्या मुलीला मात्र शेवटपर्यंत काही कळत नाही. आपल्याकडे असतं तर तिला रडत आणून त्याच्या पायाशी उभी केली असती, वर पार्श्वसंगीत.

शिरोगानेला नाच शिकवायचा तो प्रवेश आठवतो? सोरान बुशी. ते होक्काइदोच्या हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांचं गाणं, नाचात जाळं ओढायच्या हालचाली. भाट्याच्या पुलावरून राजिवड्याच्या होड्या रोज दिसतात, त्यामुळे आपण दोघेही त्यात अंमळ जास्तच रमलो. पण प्रवेश तोलते ती नाच शिकवणारी, मंडळातलीच फुजिवारा. शिकवून शिकवून मेटाकुटीला आलेली, आणि तरीही आपल्या विद्यार्थ्यावरचा हक्क कागुयालाही न सोडणारी. प्रेमाचं युद्ध चालू आहे हे तिच्या गावीही नाही. तिला नाच नीट यायला हवाय, एवढंच.

सगळंच छान होतं असं नाही. इशिगामीच्या गोष्टीतला खलनायक इतका काळाकुट्ट रंगवलाय की त्याला बघून राग येण्याऐवजी कंटाळा येतो. कागुयाची मोलकरीण हायासाका, माझ्या मते त्या घरातली सगळ्यात शहाणी मुलगी, तिच्या वाट्याला दुसऱ्या सीझनमध्येही बरंचसं मालकिणीचं ऐकून घेणंच आलं.

आता आपल्याकडचं बघ. सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ 2010चा. पडद्यावर जवळजवळ दोनच माणसं, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, आणि त्यांना नावंही नाहीत. दुसरा भाग 2015 साली आला तेव्हा दोघांना गौतम आणि गौरी अशी नावं मिळाली, लग्न ठरलं आणि दोन्हीकडची घरं आली. घरं तरी कसली! प्रशांत दामले, सुहास जोशी, विजय केंकरे, मंगल केंकरे, सविता प्रभुणे, आसावरी जोशी. यांतल्या एकेकावर स्वतंत्र नाटक चालेल. पण सिनेमात या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, हे लग्न नीट पार पडावं. सगळ्यांना एकच हवं असलं की माणसं उरत नाहीत, वऱ्हाड उरतं. वऱ्हाड म्हणून ते गोड आहे, मी दोनदा बघितलंय. पण एकाच्याही मनात लग्नाच्या दिवशी दुसरं काही चाललेलं दिसत नाही. गौरीचा जुना मित्र अर्णव येतो तोही तिला शंका यावी यासाठी. शंका फिटली की त्याचं काम संपलं.

‘सौभद्र’ नाटकाशी ताडून बघ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली आणलेली तीही प्रेमाची विनोदी गोष्टच. तिथे बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे आणि तो मनापासून सांगतोय. त्याच्या दृष्टीने तो दुष्ट नाही, उत्तम स्थळ शोधणारा थोरला भाऊ आहे. म्हणून कृष्णाच्या लबाडीला धार येते.

‘नवरा माझा नवसाचा’ तर आपल्याच वाटेवरचा. सचिन पिळगावकरांचा 2004चा सिनेमा, मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली बस, अशोक सराफ कंडक्टर. नवऱ्याच्या नवसाचं निमित्त, खरा सिनेमा त्या बसमध्ये बसलेल्यांचा. प्रत्येक जण आपापली खोड घेऊन चढलेला, आणि दार एकच, त्यामुळे एकमेकांना चुकवायची सोय नाही. 2024च्या दुसऱ्या भागात बसच्या जागी कोकण रेल्वे आली, नवी जोडी आली, अशोक सराफ टीसी झाले. टाळ्या त्यांना आजही पडतात. पण मला त्या जुन्या ओळखीवर पडल्यासारख्या वाटल्या. या टीसीचं त्या दिवशी काय बिघडलंय, ते मला समजलं नाही.

हे सगळं शिकायला तुला मुंबईला जायची गरज नव्हती. शिमग्यात इथलं नमन बघितलं आहेस ना? गण झाला की गवळण. कृष्णाला बघायला कोणी येत नाही असं म्हटलं तर देव रागावेल, पण शिट्ट्या पडतात त्या मावशीला. का, तर तिला काम आहे. दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला पोचायचंय, उशीर होतोय, सोबतच्या पोरी रेंगाळतायत आणि मध्येच हा पेंद्या आडवा आलाय. तिला देवाच्या लीलेत काडीचा रस नाही, बाजार गाठायचाय. तिला ती घाई नसती तर कृष्णाने अडवलं काय आणि नाही काय, सारखंच.

मी राज्य नाट्य स्पर्धेत आयुष्यभर गडी, पोस्टमन, शेजारचे काका असलंच काही केलं. ट्रे घेऊन यायचं, ‘साहेब, चहा’ म्हणायचं, जायचं. आमच्या एका दिग्दर्शकाने एकदा तालमीत विचारलं, हा गडी आत्ता आत काय करत होता? मी म्हटलं, चहा. तो म्हणाला, चहा सगळेच करतात, याने कोणाशी भांडून केलाय? त्यानंतर तेच वाक्य मी म्हणायला लागलो, तर पहिल्या रांगेतली एक बाई हसली. लेखकाने काही बदललं नव्हतं.

म्हणून सांगतो, तुझ्या टीमला खर्च कमी करायचा असेल तर मैत्रिणीला नको, परदेशातलं गाणं काढा. ती रिसेप्शनिस्ट आणि भाऊ यांचं जुळवणं ही तर शुद्ध आळशीपणाची खूण. शेवटी उरलेल्यांच्या जोड्या लावून टाकल्या की लेखकाला वाटतं सगळ्यांना न्याय दिला. भावाला लग्न हवंय का, हे आधी बघ. पहिल्या सीझनमध्ये तो सगळ्यांना सारखा दुकान टाकायच्या गोष्टी सांगत होता.

आणि मैत्रीण. चौथ्या भागात ती ऑफिसात उशिरा येते, हातात हॉस्पिटलचा कागद असतो. नायिका विचारते, ती ‘नंतर सांगते’ म्हणते, आणि लगेच नायकाचा फोन येतो. ते ‘नंतर’ तू पुढे लिहिलंच नाहीस. मी बाराव्या भागापर्यंत वाट बघितली, ताईनेही बघितली. बेंगळुरूला पाठवायच्या आधी तो कागद कोणाचा होता, ते ठरव आणि कळव.

तुझा,
मामा