जंगल बंद, हप्ता चालू

30 जून 2025
आज हंगामाची शेवटची फेरी. उद्यापासून नागझिऱ्याची गेटं तीन महिने बंद. पुतण्या घरी आला तो चिखलाच्या पायांनी, पण चेहरा उजळलेला. चार हंगाम तो दुसऱ्याची जिप्सी चालवतो आहे. "काका, मालक गाडी विकतो म्हनते. सहा लाख. आपनच घेऊ न." त्याच्याजवळ साठवलेला एक लाख आहे, पाच लाख फायनान्सवाले देतो म्हणतात. वहिनी चहा ठेवून काही न बोलता आत गेल्या.

कंपनीने जिप्सी विकणं थांबवलं त्याला सहा वर्षं झाली, म्हणून जुन्या गाडीचाही भाव उतरत नाही. हा सफारीचा व्यवसायच इथे नवा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 चा. त्याआधी नवेगावबांधला लोक तलाव आणि पाखरं पाहायला येत, कित्येक जण चितमपल्लींची पुस्तकं वाचून. याच महिन्यात तेही गेले. मन अजून त्यातून निघालेलं नाही.

3 जुलै
फायनान्सचा माणूस आला होता. "दहा टक्के फ्लॅट, पाच वर्षं, हप्ता साडेबारा हजार." पोरगं खूश. मी पाटी काढल्यासारखा कागद पुढे ओढला. पाच लाखांवर दरसाल पन्नास हजार, पाच वर्षांचे अडीच लाख. म्हणजे शेवटच्या वर्षी, मुद्दल जवळजवळ फिटलेलं असतानाही, व्याज पुऱ्या पाच लाखांवरच. घटत्या शिलकेवर दहा टक्के असते तर हप्ता 10,624 आणि एकूण व्याज एक लाख सदतीस हजार. हे फ्लॅटचे दहा टक्के घटत्या शिलकेच्या हिशेबात सव्वासतराच्या घरात जातात.

रिझर्व्ह बँकेने गेल्या 1 ऑक्टोबरपासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत एक तक्ता देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. तो मागितला. "सहीच्या दिवशी देतो गुरुजी," म्हणाला. मला राग आला. जो कागद सहीआधी वाचायचा, तो सहीच्या दिवशी देऊन काय उपयोग?

4 जुलै
रात्री झोप नाही. 2017 चा खरीप आठवत राहिला. तुडतुड्याने धान बसवलं, बांध्यांत नुसतं तणस उरलं. दादाच्या ट्रॅक्टरचे तीन हप्ते थकले आणि एका सकाळी चार माणसं येऊन ट्रॅक्टर ओढून घेऊन गेली. निम्म्याहून जास्त पैसे फिटले होते. पुतण्या तेव्हा नववीत, दप्तर पाठीला लावून दारात उभा होता. त्या दिवशी त्याला शाळेत मीच घेऊन गेलो. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर: साडेसदतीस हजार रुपये, आणि चाक जागचं हलणार नाही.

10 ऑगस्ट
कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एक कॅराव्हॅन उभी होती. आत पलंग, ओटा, सगळं. पुण्याचं निवृत्त जोडपं, कोलकात्याकडे निघालेलं. निवृत्तीच्या पैशातून रोख घेतली म्हणाले, "मागे हप्ता असता तर फिरण्यात मनच लागलं नसतं." बाईंनी मात्र हळूच सांगितलं की वर्षातले आठ महिने ती अंगणात उभी असते. घरी येईतो तेच डोक्यात. रोखीने घेतली तरी पैसा उभाच राहतो, फक्त दारात तगादा येत नाही. त्यांना तो उभा ठेवणं परवडतं.

22 ऑगस्ट, पोळा
बैल तोरणाखालून आणले. नंतर दादा ओसरीवर बसून एकदम म्हणाला, "ठेव मोडून टाक. पोराले रोख घेऊन दे." महामार्गात गेलेल्या दोन बांध्यांच्या मोबदल्याची पाच लाखांची ती ठेव. मी नाही म्हटलं. घरात तेवढंच आहे. उद्या इंजिनाचं काम निघालं, पुतणीची नर्सिंगची फी आली, तर पुन्हा त्याच फायनान्सवाल्याच्या पायरीवर जायचं. दादा दुखावला. मला कर्जही नको आणि रोखही नको, मग हवं तरी काय, असं त्याने विचारलं. उत्तर नव्हतं.

9 सप्टेंबर
बँकेत विचारलं. ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो. दर ठेवीपेक्षा एक टक्का जास्त, आमच्या बाबतीत आठ. जेवढे उचलू तेवढ्यावरच व्याज, आणि ठरावीक हप्ता नाही. तीन लाख उचलले तर महिन्याला दोन हजार व्याज. जंगल बंद असताना तेवढंच भरायचं, दिवाळीत आणि उन्हाळ्यात पाळ्या भरभरून लागल्या की मुद्दल उतरवायचं. तिकडे ठेव वाढतच राहते. हे मला दोन महिन्यांआधी का सुचलं नाही?

14 सप्टेंबर
मालकाशी बोलणं झालं. सगळ्याच गोष्टी धानाच्या चुकाऱ्यावर चालणाऱ्या या भागात, पैसा हंगामावरच येतो हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. साडेपाच लाख ठरले. चार आता, दीड पुढच्या जूनपर्यंत, बिनव्याजी. कागद दोघांच्या सह्यांनी, दोन साक्षीदारांसमोर. साक्षीदार म्हणून मी नको, घरचा आहे, असं मीच सांगितलं.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी
गेटं आजच उघडली. वहिनींनी पहाटे जिप्सीच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ बांधली. दादा उंबऱ्याशी उभा होता. आठ वर्षांपूर्वी तिथेच पोरगं दप्तर घेऊन उभं होतं. पुतण्याने शंभर पानी वही दाखवली: तारीख, फेरी, डिझेल खोडून त्या जागी पेट्रोल, बँकेत भरले. चार रकाने, रेघा पट्टीने मारलेल्या.

"जातो काका," म्हणाला आणि दिवे लावून कोहमाऱ्याच्या दिशेने निघाला.