कुणीतरी वाट पाहतंय म्हणून

तात्यापारा, रायपूर

चि. छकुलीस,


सुरुवातीला उत्साह होता, आता लॅपटॉप उघडायचाही कंटाळा येतो, असं तू फोनवर म्हणालीस. ‘स्वयम्’वरचा संख्याशास्त्राचा कोर्स तू आपणहून घेतलास, नोकरी सांभाळून रात्री बसत होतीस, आणि महिनाभरात मन उडालं. तुझी चिकाटी कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही. तू जे शिकतेस त्याची वाट पाहणारं कुणी नाही, खरी अडचण ती आहे. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

इथे बूढापाऱ्यात सप्रे शाळा आहे, लहानपणी सुट्टीत आलीस की तिच्यावरून जायचीस. ती ज्यांच्या नावाची, ते माधवराव सप्रे मराठी घरातले. जन्म 1871चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शिकले बिलासपूर-रायपूरला. हिंदी ही त्यांची घरची भाषा नव्हे. तरीही जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. तिथे ते राजकुमाराचे शिक्षक होते. सोबतीला रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तीनही नावं मराठी. मासिक तीन वर्षं चाललं, पैशाअभावी बंद पडलं. पण या तीन वर्षांनी सप्रे घडले, असं माझं मत. मासिकाला तारीख असते. अंकाची वाट पाहणारे वर्गणीदार असतात. परीक्षणासाठी आलेलं पुस्तक वाचावंच लागतं, आणि वाचलेलं दुसऱ्याला कळेल असं मांडावं लागतं. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषेच्या कोशासाठी अर्थशास्त्राचे शब्द घडवायचं कामही त्यांच्याकडे आलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्यांच्या पडत्या काळाचा भाग. 1907 साली नागपुरातून त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला, 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि घरच्यांच्या दबावामुळे माफीपत्र देऊन ते सुटले. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. माणसांत मिसळणं त्यांनी सोडलं, रामदासी मठात राहिले, माधुकरी मागितली. तिथे दासबोधाची पारायणं करता करता त्यांनी तो हिंदीत आणला. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना उभं केलं ते या कामाने. मनाला उभारी येईल मग काम करू, असं म्हणत ते बसले असते तर हिंदी वाचकांना दासबोध कधी मिळाला असता कोण जाणे. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांचाच. एवढा जाडजूड ग्रंथ ओळीओळीने दुसऱ्या भाषेत न्यायचा, तर कळल्यासारखं वाटून भागत नाही.

लहानग्या नरेंद्रचंही बघ. पुढे ते विवेकानंद झाले. 1877 साली वडिलांच्या कामामुळे दत्त कुटुंब रायपूरला आलं. इथली दोन वर्षं त्याचा अभ्यास घरीच, वडिलांपाशी झाला. वडील त्याच्याशी वाद घालत, त्याचं मत विचारत. 1879 साली कोलकात्याला परतून त्याने प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत काढली. शाळा नव्हती, पण उलट प्रश्न विचारणारं माणूस समोर होतं.

2018 पासून आपल्याकडे नालंदा परिसर हे चोवीस तास उघडं वाचनालय आहे. पीएससीची मुलं तिथे रात्र-रात्र बसतात. जागा, दिवे, शांतता, सगळं मिळतं. तरी मधूनमधून बाहेर येऊन ती एकमेकांना प्रश्न विचारतात. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

म्हणून तुला एक काम देते. आमच्या मंडळाच्या वाचनालयाच्या देवघेवीच्या वह्या माझ्या ताब्यात आहेत. कोणतं पुस्तक किती वेळा गेलं, कोणत्या महिन्यात वाचक कमी होतात, बायका काय नेतात, मुलं काय नेतात, हे त्यांत पडून आहे, पण कुणी काढलेलं नाही. दर वर्षी आम्ही अंदाजाने पुस्तकं मागवतो. पानांचे फोटो काढून मी पाठवते. सरासरी, विखुरलेपण, जे शिकशील ते या आकड्यांवर करून बघ, आणि दर रविवारी अर्धं पान मला मराठीत लिही, मला कळेल असं. नाही कळलं तर मी परत विचारीन.

खरेदीची बैठक दिवाळीनंतर आहे. त्याआधी तुझी यादी मला हवी, समितीपुढे मी तीच ठेवणार आहे.

तुझी,
मावशी