रेघा हलक्या, चित्रं जड

साइट प्लॅनची कॅड फाइल दोन-तीन एमबीची असते आणि तिची पीडीएफ काढली की ती दोनशे एमबीची होऊन बाहेर पडते. आर्किटेक्टच्या, सर्व्हेअरच्या किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात हा प्रकार कुणालाच नवा नाही. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. फाइल ‘कॉम्प्रेस’ करून देणारी एखादी वेबसाइट उघडायची, फाइल तिच्या हवाली करायची आणि वीस एमबीचं जे काही परत येईल ते न उघडताच पुढे पाठवायचं. गाठोड्यात जड काय आहे ते न बघता गाठोडंच आवळत बसावं, तसं हे आहे. माझ्या मते पीडीएफचं वजन ड्रॉइंगला चित्र जोडलं त्याच क्षणी ठरलेलं असतं. ते उतरवायचं तर तिथेच उतरवावं, आणि किती उतरवायचं हे शीटच्या स्केलला विचारावं. पीडीएफ हातात आल्यावर जी काटछाट होते, तिला ड्रॉइंगमधलं काय महत्त्वाचं आहे हे कळायला काही मार्गच उरलेला नसतो.

याचं कारण दोन फाइलींच्या स्वभावात आहे. कॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलमध्ये जोडलेलं चित्र मुळात नसतंच. ड्रोनचा फोटो, स्कॅन केलेला गाव नकाशा, क्लायंटचा लोगो यांचा फक्त पत्ता डीडब्ल्यूजीत राहतो. सोबत चित्र कुठे, किती मोठं आणि किती अंशांत फिरवून बसवायचं एवढी नोंद. म्हणून तर फोल्डर हलवला की चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि फाइलचं नाव उरतं. पीडीएफला ही सोय नाही. ॲडोबीने १९९३ मध्ये हा फॉरमॅट आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओ ३२००० म्हणून जागतिक मानक झाला, तो एकाच आश्वासनावर: पान कुठेही उघडा, सारखंच दिसेल. ते पाळायचं तर लागेल ते सगळं फाइलच्या पोटातच हवं. मग रेघेला जागा किती लागते? ‘या बिंदूवर जा, त्या बिंदूपर्यंत ने, आता रेघ उमटव’ एवढ्या सूचनेला पंचवीस-तीस अक्षरं पुरतात, मग रेघ बोटभर असो की शीटभर. चित्राला मात्र प्रत्येक पिक्सलचा हिशेब द्यावा लागतो. ए१ शीट ८४१ बाय ५९४ मिलिमीटरची. ती ३०० डीपीआयच्या रंगीत चित्राने भरली तर ९,९३३ गुणिले ७,०१६, म्हणजे जवळजवळ सात कोटी पिक्सल होतात. पिक्सलमागे तीन बाइट धरले तर कॉम्प्रेशनआधीचे २०९ एमबी. डीपीआय निम्मा केला की वजन चौथ्या हिश्श्यावर येतं, कारण कपात लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे होते.

तेव्हा पहिलं काम वजन कुठे आहे ते पाहण्याचं. ॲक्रोबॅटच्या ऑप्टिमायझरमध्ये जागा कशाने खाल्ली याचा तक्ता मिळतो. पॉप्लर या मोफत साधनसंचातली ‘पीडीएफइमेजेस’ ही कमांड ‘लिस्ट’ पर्यायासह चालवली तर फाइलमधल्या प्रत्येक चित्राची एक ओळ समोर येते: किती बाय किती पिक्सल, कोणत्या पद्धतीने दाबलेलं, किती जागा घेतलेलं आणि कागदावर त्याचा पीपीआय प्रत्यक्षात किती पडतो. दोनशे एमबीच्या फाइलचा हा तक्ता वाचला की बहुतेक वेळा गुन्हेगार दोन-तीनच निघतात. एखाद्या चित्राला ‘क्लिप’ करून फक्त प्लॉटपुरता भाग दाखवलेला असतो. पण क्लिप ही नुसती खिडकी असते, झाकलेलं सगळं शिवार अनेकदा आत तसंच राहतं. एखादा फोटो पीएनजीत असतो. त्या पद्धतीत एकही पिक्सल हरवत नाही आणि म्हणूनच फोटोसारख्या कणाकणाने बदलणाऱ्या चित्राचं वजन फारसं उतरत नाही. कधी एकच लोगो वीस शीटवर वीस वेळा वेगळा भरलेला असतो. पीडीएफला एक प्रत ठेवून वीस ठिकाणी तिचा हवाला देता येतो, पण सुट्या शीट काढून मागाहून जोडल्या की तो लाभ हातचा जातो. आणि ‘पर्ज’ मारला की पीडीएफ हलकी होते, हा समज खोटा आहे. पर्ज न वापरलेले ब्लॉक आणि लेयर काढतो. ते प्लॉटमध्ये उमटतच नव्हते, तेव्हा पीडीएफमध्ये त्यांचं वजनही नव्हतं.

किती बारकाई ठेवायची, हा प्रश्न बहुतेक जण अंदाजाने सोडवतात. खरं तर त्याचं उत्तर टायटल ब्लॉकमध्येच छापलेलं असतं. ड्रोनच्या ऑर्थोफोटोत एक पिक्सल म्हणजे जमिनीवरचे २ सेंटिमीटर आहेत असं धरू. शीटचं स्केल १:५००. जमिनीवरचे २ सेंटिमीटर कागदावर ०.०४ मिलिमीटर होतात, म्हणजे इंचाला ६३५ पिक्सल. स्केल १:१००० केलं की तोच फोटो १,२७० पीपीआयचा होतो. आता कागदाकडे पाहा. आपली बारीक रेघ ०.१८ मिलिमीटरची, त्याहून नाजूक पेन ०.१३ चं. ज्या शीटवर प्लॉटची हद्दच ०.३५ च्या रेघेने काढली आहे, तिथे त्या रेघेखालच्या फोटोत ०.०४ मिलिमीटरची बारकाई कुणाच्या डोळ्यांसाठी? रेघांना पार्श्वभूमी म्हणून २०० पीपीआय भरपूर होतात. १:५०० ची ए१ शीट जमिनीवरचे साधारण ४२० बाय २९७ मीटर दाखवते. एवढ्याला २ सेंटिमीटरच्या पिक्सलने ३१ कोटी पिक्सल लागतात आणि उलगडल्यावर ते ९३७ एमबी होतात. २०० पीपीआयवर तीन कोटी, आणि ९३ एमबी. हे दहापट वजन उतरवताना कागदावर दिसणारं काहीच गेलेलं नसतं. मात्र ही कपात फोटो जोडण्यापूर्वी करायची: हवा तेवढाच भाग खरोखर कापायचा, जिओरेफरन्स सांभाळून पिक्सलचा आकार स्केलप्रमाणे मोठा करायचा, आणि ती प्रत ड्रॉइंगला जोडायची. मूळ ऑर्थोफोटो सर्व्हेच्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा राहतो.

पिक्सलची संख्या ठरली तरी चित्राची जात बघावी लागते. जेपीईजी ८ बाय ८ पिक्सलचे चौकोन करून त्यांतली डोळ्याला न जाणवणारी बारकाई सोडून देतं. झाडं, माती, छपरं यांना ते छान मानवतं. पण पांढऱ्यावर काळी रेघ आली की तिच्या कडेला राखाडी कण उठतात, आणि पातळ लाल रेघ तर शेजारच्या रंगात विरघळते, कारण यात रंगाची बारकाई बहुधा उजेडाच्या बारकाईपेक्षा आणखी कमी ठेवलेली असते. म्हणून स्कॅन केलेल्या जुन्या नकाशाला जेपीईजी नको. त्याला निव्वळ काळं-पांढरं करावं आणि फॅक्ससाठी घडलेल्या ग्रुप ४ पद्धतीने दाबावं. पिक्सलमागे २४ बिटांऐवजी एकच बिट उरतो, तेव्हा ३०० डीपीआयची ए१ शीट दाबण्याआधीच नऊ एमबीच्या आत येते. दाबल्यावर तर आणखी कितीतरी खाली, आणि एकही पिक्सल न बदलता. अपवाद एकच. नकाशावर लाल शाईची दुरुस्ती असेल किंवा रंगांनाच अर्थ असेल, तर रंग ठेवलाच पाहिजे आणि वजन सोसलं पाहिजे. हा निर्णय नकाशा वाचता येणाऱ्या माणसाचाच असतो.

यावर कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला, सॉफ्टवेअर हे एका क्लिकमध्ये करतं. करतं, पण सरसकट. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफच्या साधनात ‘स्क्रीन’ हा पर्याय निवडला की रंगीत चित्रं ७२ डीपीआयवर येतात, ‘ईबुक’ निवडला की १५० वर. त्याला फोटो आणि गट नंबर लिहिलेला स्कॅन यांत फरक करता येत नाही. रंगीत स्कॅनवरचा २ मिलिमीटर उंचीचा आकडा ७२ डीपीआयवर जेमतेम सहा पिक्सल उंच उरतो; त्यात ३ आणि ८ वेगळे काढणं नशिबाचं काम. २०० वर त्याला सोळा पिक्सल मिळतात. आणि आकडा पुसट होणं हे तरी लक्षात येतं. स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा लक्षातही येत नाही. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या स्कॅनर-कॉपिअरमधला असाच दोष उजेडात आणला. जेबिग२ पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एका नमुन्याने भागवता येतं. त्या यंत्रांत या जुळवणीने आकडेच बदलले. आणि ज्या कागदावर हे दिसलं, तो होता बांधकामाचा नकाशा: तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती, प्रतीत तिन्हीकडे १४.१३ छापून आलं, अगदी सुबक अक्षरांत. कंपनीला नंतर सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढावी लागली. आपण काय दाबतो आहोत हे ज्या पायरीला कळत नाही, तिच्यावर आकडे सोपवू नयेत, एवढा धडा यातून पुरे आहे.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा. अख्खी शीटच चित्र करून टाका, वजनही आटोक्यात आणि कुणी रेघ हलवेल ही भीतीही नाही. यात तोटे दोन. रेघा चित्रात गेल्या की शीटवर नाव शोधता येत नाही, पीडीएफवर माप घेताना रेघेचं टोक पकडता येत नाही आणि झूम केला की डायमेन्शन फुटतं. शिवाय साधी रेघांची शीट, जी काहीशे केबीत बसली असती, ती उगाच जड होते. फेरफाराच्या भीतीला औषध डिजिटल सहीचं आहे. आणि तिथेच आधी-मागचा क्रम किती महत्त्वाचा हे दिसतं. सही झालेली पीडीएफ कॉम्प्रेसरमधून काढली की फाइलचे बाइट बदलतात आणि सही अवैध ठरते. म्हणजे हलकं करायचं ते सहीच्या आधी. नंतर तो दरवाजा बंदच होतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे: दर वेळी दोष चित्राचाच नसतो. रेघाही जड होतात. ड्रोनच्या पॉइंट क्लाउडवरून काढलेल्या कॉन्टूरमध्ये दर पाच सेंटिमीटरला एक बिंदू असेल, तर एका शीटवर दहा लाख बिंदू सहज भरतात, आणि बिंदूमागे दहा-पंधरा अक्षरं धरली तर दाबण्याआधीच तेवढे एमबी. दाट हॅचचंही तसंच. कधी एकाच भिंतीची रेघ चार वेळा एकावर एक पडलेली असते. पण याचाही इलाज त्याच जागी आहे. १:१००० वर पाच सेंटिमीटर म्हणजे कागदावर ०.०५ मिलिमीटर. कॉन्टूरचे बिंदू स्केलप्रमाणे विरळ करावेत, ‘ओव्हरकिल’ने दुहेरी रेघा काढाव्यात, आणि हॅचची घनता शीटवर दिसेल तेवढीच ठेवावी. पारदर्शकता लावलेला एखादा रंगीत पट्टाही तपासावा, कारण काही प्लॉटर ड्रायव्हर त्याच्यापायी आजूबाजूच्या रेघांसकट सगळ्याचं चित्र करून टाकतात.

राहिला शेवटचा प्रश्न: डिस्क स्वस्त आहे, नेट वेगवान आहे, मग जड फाइलने बिघडतं कुठे? बिघडतं ते वापरणाऱ्याच्या हातात. ई-मेलमधून जाताना फाइलच्या दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, त्यामुळे १८ एमबीची फाइल वाटेत २४ ची होते आणि २५ एमबीच्या मर्यादेला जाऊन टेकते. त्याहून मोठी अडचण उघडताना येते. जेपीईजीने डिस्कवरचं वजन घटतं, पण पान दाखवायचं तर चित्र मेमरीत पुन्हा उलगडावं लागतं. ९३७ एमबीचं चित्र दाबून तीस एमबीचं केलं तरी साइटवरच्या सुपरवायझरच्या फोनला हिशेब ९३७ चाच करावा लागतो. पान अर्धं उमटून थिजतं, आणि मग स्लॅबवर उभा असलेला माणूस आठवणीतल्या मापावर काम पुढे रेटतो. तेव्हा दर्जा उतरवण्याआधी पिक्सल कमी करणं हेच शहाणपणाचं.

क्रम असा असावा: चित्र कापा, स्केलप्रमाणे पिक्सल कमी करा, जातीप्रमाणे दाबा, मग जोडा, शीट काढल्यावर सगळ्यात लहान आकडा निवडून तो मूळ ड्रॉइंगशी ताडून पाहा, मगच सही. यातली पहिली तीन कामं एका प्रकल्पात एकदाच करावी लागतात, पुढच्या प्रत्येक रिव्हिजनला त्यांचा लाभ फुकट मिळतो. ज्याने चित्र जोडलं त्याला शीटचं स्केल माहीत असतं, नकाशावरच्या लाल शाईचा अर्थही माहीत असतो. हलकं काय करायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे ठरवण्याची जबाबदारी त्यानेच घ्यावी.